व्यवसाय-स्पर्धेची तयारी वसतिगृहातल्या सहाध्यायांपर्यंत नेताना: कामांचा क्रम कसा ठेवावा

बिझनेस प्लॅन (व्यवसायाचा आराखडा) आणि केस स्टडी (दिलेल्या एखाद्या व्यवसायाच्या अडचणीवर उपाय सुचवणे) स्पर्धांची तयारी परिस्थितीने मागे राहिलेल्या सहाध्यायांकडून करून घ्यायची, असे ठरवून सीनियर विद्यार्थ्यांनी सुरू केलेले वर्ग मी चार वर्षे जवळून पाहिले आहेत. त्यांपैकी बहुतेक वर्ग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओस पडले. शिकवणाऱ्यांच्या ज्ञानात किंवा तळमळीत सहसा काही उणे नसते. चुकतो तो कामांचा क्रम. पहिल्याच दिवशी प्रोजेक्टर लावून इंग्रजी स्लाइड दाखवल्या जातात, दुसऱ्या आठवड्यात 'काहीतरी नवी कल्पना' मागितली जाते, आणि प्रवेश शुल्काचा, प्रवासाचा व रात्रीच्या मुक्कामाचा विषय स्पर्धा चार दिवसांवर आल्यावर निघतो. तोपर्यंत ज्यांच्यासाठी वर्ग काढला ते निघून गेलेले असतात आणि ज्यांना त्याची फारशी गरज नव्हती तेच उरतात.

पुढील क्रम वाणिज्य किंवा व्यवस्थापन शाखेच्या पदवी महाविद्यालयासाठी लिहिला आहे. पाच-सहा सीनियर विद्यार्थी आणि वसतिगृहात राहणारे, कमवा व शिका योजनेत काम करणारे किंवा रोज तालुक्याच्या गावाहून ये-जा करणारे वीस-पंचवीस ज्युनियर विद्यार्थी, एवढा आवाका धरला आहे. वेळ साधारण बारा आठवड्यांचा आहे. महाविद्यालयीन महोत्सवांतल्या अनेक स्पर्धा डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात, त्यामुळे गणपती उठले की कामाला लागणे सोयीचे पडते.

टप्पा १: घोषणापत्रक वाचून उलटी मोजणी करणे

एका हंगामात दोनच स्पर्धा निवडाव्यात. एक आपल्या शहरातली किंवा विद्यापीठाच्या कक्षेतली असावी आणि दुसरी, जमल्यास, मोठी असावी. आयआयटी मुंबईच्या ई-सेलची (विद्यार्थ्यांच्या उद्योजकता कक्षाची) 'युरेका' ही बिझनेस प्लॅन स्पर्धा सर्वांना ठाऊक असते, परंतु पहिल्या वर्षी ती एकमेव लक्ष्य ठेवू नये, कारण पहिल्याच फेरीत बाहेर पडलेल्या मुलांना सरावाची दुसरी संधी त्या वर्षी मिळत नाही. विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत वाणिज्य, व्यवस्थापन व विधी असा स्वतंत्र गट असतो. तिचे स्वरूप व्यवसाय आराखड्याचे नसून संशोधन मांडणीचे आहे, तरीही स्वतः माहिती गोळा करून ती परीक्षकांपुढे मांडण्याची सवय तिथे चांगली लागते.

प्रत्येक स्पर्धेचे पत्रक सीनियरांनी दोनदा वाचून पुढील गोष्टी एका कागदावर मराठीत उतरवाव्यात: नोंदणीची शेवटची तारीख, संघातील सदस्यांची संख्या, प्रवेश शुल्क, पहिल्या फेरीत नेमके काय पाठवायचे, मांडणीसाठी व प्रश्नोत्तरांसाठी किती मिनिटे, गुणांची विभागणी, आणि मराठी किंवा हिंदीत बोलण्यास परवानगी आहे का. शेवटच्या मुद्द्याबद्दल पत्रकात बहुधा काहीच नसते. आयोजकांना ईमेल करून लेखी उत्तर मागवावे. मांडणी इंग्रजीत आणि प्रश्नोत्तरे मराठीत, एवढी सवलत मिळाली तरी संघाची निवड बदलू शकते.

त्यानंतर अंतिम तारखेपासून मागे मोजत यावे. मध्ये सत्र परीक्षा येते आणि दिवाळीत वसतिगृह रिकामे होते. हे पाच-सहा आठवडे कोरे सोडून चालत नाही. त्यातल्या दिवाळीच्या सुटीचा उपयोग टप्पा ५ मध्ये सांगितला आहे.

तपासा: बारापैकी किती आठवड्यांत प्रत्यक्ष भेटता येणार आहे? हा आकडा सातपेक्षा कमी येत असेल तर एकच स्पर्धा ठेवावी.

टप्पा २: वेळ आणि जागा ठरवणे

आमच्या पहिल्या वर्षी वर्गाची वेळ दुपारी चारची होती, कारण आम्हा पाचही सीनियरांना ती सोयीची होती. पहिल्या दिवशी एकतीस जण आले आणि तिसऱ्या आठवड्यात सहा. मुलांना गांभीर्य नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला होता. प्रत्यक्षात चार ते सहा ही कमवा व शिका योजनेतल्या कामाची वेळ होती आणि बाहेरगावच्या मुलींची शेवटची सोयीची एसटी साडेपाचला सुटत होती. आमच्यापैकी कोणीही हे आधी विचारले नव्हते.

म्हणून वेळ ठरवण्यापूर्वी प्रत्येक इच्छुकाकडून आठवड्याचा तक्ता भरून घ्यावा. त्यात तास, काम, बस, मेसची वेळ आणि वसतिगृहाचे दार बंद होण्याची वेळ असावी. सर्वांना जमेल अशी एक वेळ क्वचितच सापडते. तेव्हा एकच मोठा वर्ग ठेवण्याऐवजी तोच पाठ आठवड्यातून दोनदा घ्यावा: एकदा सकाळी तासांपूर्वी पाऊण तास आणि एकदा रविवारी वसतिगृहाच्याच सभागृहात दीड तास. सीनियरांनी वसतिगृहात जावे, वसतिगृहाने महाविद्यालयात यावे अशी अपेक्षा ठेवू नये. मुलींच्या वसतिगृहात सीनियर मुलींनीच वर्ग घ्यावा आणि त्यासाठी गृहपालांची लेखी परवानगी आधी घ्यावी.

एका प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून सोबत घेणे टाळू नये. खोली, परवानगीची पत्रे आणि स्पर्धेच्या दिवशीची हजेरी हे तिन्ही प्रश्न त्यामुळे सुटतात. सीनियर राष्ट्रीय सेवा योजनेत असतील तर हे तास त्या योजनेच्या वर्षाला १२० तासांत धरता येतील का, हेही कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारावे. काम झाल्यावर विचारले तर नोंदवही नसल्याने ते बहुधा नाकारले जाते.

टप्पा ३: खर्चाचा कागद मांडणे

हा टप्पा मुलांना बोलावण्याच्या आधीचा आहे. एका संघाला एका स्पर्धेसाठी लागणारा सगळा खर्च लिहून काढावा: प्रवेश शुल्क, जाण्यायेण्याचे भाडे, मुक्काम, दोन वेळचे जेवण, छपाई, मोबाइल डेटा, कपडे, आणि त्या दिवशी बुडणारी मजुरी. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात. अर्धवेळ काम करणाऱ्या मुलाचे दोन दिवस स्पर्धेत गेले तर त्याचे दोन दिवसांचे पैसे बुडतात, आणि प्रवेश शुल्क माफ झाल्याने ते भरून निघत नाहीत.

यातल्या काही बाबी चौकशी केल्यास कमी होतात. एसटीच्या प्रवासात महिलांना मार्च २०२३ पासून भाड्यात ५० टक्के सवलत आहे. प्रवेश शुल्क माफ करण्याची विनंती मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सहीने आणि नोंदणीच्या आधी केली तर आयोजक ती अनेकदा मान्य करतात. पैसे भरल्यावर परतावा मागणे मात्र व्यर्थ असते. मुक्कामासाठी यजमान महाविद्यालयाच्या वसतिगृहाची सोय विचारावी. कोट आणि टाय यांची सक्ती पत्रकात नसेल तर ती आपण निर्माण करू नये. स्वच्छ, इस्त्री केलेला शर्ट किंवा साधा पंजाबी ड्रेस पुरतो. उसन्या, खांद्यावर ढगळ पडणाऱ्या ब्लेझरमध्ये मुले जितकी अवघडतात तितकी परीक्षकांच्या प्रश्नांनीही अवघडत नाहीत.

उरलेली रक्कम विद्यार्थी कल्याण निधी, माजी विद्यार्थी किंवा वाणिज्य मंडळ यांच्याकडून आधी जमा करावी. ती सीनियरांनी आधी खर्च करावी आणि मग पावत्या देऊन परत घ्यावी, ही पद्धत कागदावर ठीक दिसते. परंतु तीच पद्धत ज्युनियरांना लावली तर ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आज नाहीत तो आपोआप गळतो. त्यांना पैसे आगाऊ द्यावेत आणि पावत्या नंतर घ्याव्यात.

सावधान: मदत देण्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागू नये आणि नावांची यादी फलकावर लावू नये. 'मला पुढील बाबींसाठी मदत लागेल' अशी चिठ्ठी एकाच व्यक्तीकडे द्यायची आणि ती तिच्याकडेच राहायची, एवढी व्यवस्था पुरते.

टप्पा ४: बोलावणे आणि संघ जुळवणे

सूचनेत 'गरीब', 'गरजू' किंवा 'ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी' असे शब्द वापरू नयेत. वर्ग सर्वांना खुला आहे असे लिहावे आणि सूचना मात्र तिथे लावावी जिथे आपल्याला हवी असलेली मुले रोज थांबतात: मेसच्या दाराशी, ग्रंथालयातल्या कमवा व शिकाच्या टेबलाजवळ, पास काढायच्या खिडकीपाशी. व्हॉट्सॲपवर फिरवलेली सूचना ज्यांना सगळ्या सूचना आधीच मिळतात त्यांच्याकडेच पुन्हा पोहोचते. सीनियरांनी दोन दिवस मेसमध्ये जेवायला बसून बोलणे अधिक उपयोगी ठरते.

सूचनेत तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. इंग्रजी येणे आवश्यक नाही, लॅपटॉप आवश्यक नाही, आणि येण्याजाण्याचा व शुल्काचा खर्च मुलांवर पडणार नाही.

पहिल्या भेटीत भाषण ठेवू नये. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: तुमच्या घरात किंवा गावात विकत घेणे आणि विकणे यांतले कोणते काम तुम्ही जवळून पाहिले आहे? कोणी दूध डेअरीवर घातलेले असते, कोणाच्या आईचा बचत गट असतो, कोणी सुटीत मोंढ्यावर हमालांचा हिशोब लिहिलेला असतो, कोणाच्या मामाचे पंक्चरचे दुकान असते. शहरी मुले ज्या माहितीसाठी इंटरनेट धुंडाळतात ती यांच्याकडे आधीपासून असते. फक्त ती 'व्यवसायाची माहिती' आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

संघ याच उत्तरांवरून जुळवावेत. इंग्रजी बोलणारा एक, हिशोबाचा एक आणि 'बाकीचे' दोन, अशी विभागणी केली की बाकीचे दोन मागच्या रांगेत जाऊन बसतात. त्यापेक्षा एकाच प्रकारच्या व्यवहाराशी संबंध असलेले तिघे-चौघे एकत्र घ्यावेत. प्रत्येक संघाला एक ताई किंवा दादा नेमून द्यावा आणि त्याने एकाच नियमाने बांधून घ्यावे: ज्युनियरांच्या फाइलमध्ये स्वतः एक शब्दही टाइप करायचा नाही. प्रश्न विचारावेत, चूक दाखवावी, कीबोर्डला हात लावू नये. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, कारण अंतिम तारखेच्या आदल्या रात्री सीनियरला स्वतः लिहून टाकणे सोपे वाटते. असा संघ प्रश्नोत्तरांच्या दुसऱ्याच मिनिटाला उघडा पडतो.

टप्पा ५: दिवाळीच्या सुटीतले काम

सुटीत मुले घरी जातात म्हणून तयारी थांबते, ही तक्रार उलटी करून वापरावी. ज्या ठिकाणची माहिती हवी आहे तिथेच मुले पंधरा-वीस दिवस राहणार असतात. सुटीपूर्वी प्रत्येकाला शंभर पानी वही द्यावी आणि तीत पुढील नोंदी स्वतः विचारून आणायला सांगाव्यात: कच्चा माल कुठून, कोणत्या भावाने, रोख की उधार, दिवसाला किती माल तयार होतो, किती खराब होतो किंवा परत येतो, दुकानदार स्वतःसाठी किती ठेवतो, पैसे किती दिवसांनी हातात पडतात, कोणत्या महिन्यात विक्री मंदावते. निदान दहा गिऱ्हाइकांशी आणि तीन विक्रेत्यांशी बोलणे झाले पाहिजे.

प्रश्न कसे विचारावेत हेही शिकवावे लागते. 'आम्ही असे उत्पादन काढले तर तुम्ही घ्याल का?' या प्रश्नाला ओळखीचा प्रत्येक माणूस होच म्हणतो. त्याऐवजी 'गेल्या महिन्यात हे कितीदा घेतले, कुठून घेतले, किती दिले?' असे विचारावे.

घरच्या नोंदींना आधार म्हणून छापील आकडे लागतात आणि ते मोफत मिळतात. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' प्रत्येक जिल्ह्यासाठी असते आणि ते मराठीत वाचता येते. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या संकेतस्थळावर छोट्या उद्योगांचे नमुना प्रकल्प आराखडे आहेत. त्यांतले भाव जुने असू शकतात, पण खर्चाची शीर्षके कोणती धरायची हे त्यांवरून नेमके कळते. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर खुले असतात. मागच्या वर्षीच्या विजेत्यांचे आराखडे हातात असतील तर ते त्यांच्या परवानगीशिवाय वाटू नयेत, आणि विकत घेतलेल्या केस स्टडींच्या झेरॉक्स काढू नयेत. सरावासाठी महाविद्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर किंवा झेरॉक्सच्या दुकानावर दोन पानांची केस स्वतः लिहावी. ती मराठीत लिहिता येते आणि तिचा मालक प्रश्न विचारायला समोर असतो.

तपासा: सुटीनंतरच्या पहिल्या भेटीत वह्या पाहाव्यात. वहीत गोल आकडेच दिसत असतील (५०, १००, ५००), तर ते बहुधा विचारून आणलेले नसतात.

टप्पा ६: हिशोब, आणि तोही आधी वहीत

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. माझ्या मते बारापैकी तीन आठवडे हिशोबाला दिले तरी ते वाया जात नाहीत. संगणकावरचे तक्ते नंतर करावेत. सूत्र आधीच भरलेला तक्ता हातात दिला की मुले आकडे बदलत बसतात आणि खालचे उत्तर कुठून आले ते त्यांना सांगता येत नाही.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. यातले आकडे शिकवण्यासाठी घेतले आहेत. एक बचत गट भाजणीच्या चकलीचे २०० ग्रॅमचे पाकीट ६० रुपयांना विकू पाहतो. भाजणी, तेल, मसाला आणि गॅस मिळून पाकिटामागे २८ रुपये, पिशवी व लेबल ४ रुपये, आणि दुकानदाराचे २० टक्के म्हणजे १२ रुपये. एकूण बदलता खर्च ४४ रुपये झाला आणि पाकिटामागे १६ रुपये उरले. महिन्याचा स्थिर खर्च असा: जागेचे भाडे ३,०००, अर्धा दिवस काम करणाऱ्या दोघींचा मिळून मोबदला ८,००० आणि वीज, फोन वगैरे १,०००, म्हणजे १२,००० रुपये. १२,००० भागिले १६ केले की ना नफा ना तोटा बिंदू, म्हणजे सगळा खर्च जेमतेम भरून निघेल एवढी विक्री, ७५० पाकिटांवर येतो.

आता चुका पाहू. पहिल्या मसुद्यात दुकानदाराचा वाटा जवळजवळ प्रत्येक संघ विसरतो. मग पाकिटामागे २८ रुपये उरतात आणि तोच बिंदू ४२९ पाकिटांवर येतो. दुसरी चूक घरच्या माणसांचे श्रम फुकट धरण्याची. आई आणि काकू काम करणार म्हणून ८,००० रुपये वगळले आणि दुकानदारालाही विसरले, तर ४,००० भागिले २८, म्हणजे अवघी १४३ पाकिटे पुरतील असे दिसते. तिसरी चूक परत येणाऱ्या मालाची. शंभरातली पाच पाकिटे मोडली किंवा मऊ पडून परत आली तर उरलेल्या ९५ पाकिटांचे दुकानदाराचा वाटा वजा जाता ४८ रुपयांप्रमाणे ४,५६० रुपये येतात, पण खर्च शंभरांचाच, म्हणजे ३,२०० रुपये होतो. तयार केलेल्या प्रत्येक पाकिटामागे १३ रुपये ६० पैसेच उरतात आणि महिन्याला ८८३ पाकिटे तयार करावी लागतात. एकच चकली, एकच गट, आणि उत्तर १४३ किंवा ८८३. हे फळ्यावर एकदा घडले की मुले आपापल्या वह्या पुन्हा उघडतात.

याच हिशोबाला क्षमतेची जोड द्यावी. दिवसाला ६० पाकिटे आणि महिन्याला २५ दिवस धरले तर १,५०० पाकिटे होतात, म्हणजे ८८३ हा आकडा गाठता येण्यासारखा आहे. पूर्ण क्षमतेने विक्री झाली तरी वर्षाची उलाढाल १० लाख ८० हजार रुपये होते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीसाठी असलेल्या ४० लाखांच्या मर्यादेच्या ती बरीच खाली आहे. मात्र परराज्यात पाकिटे पाठवायची म्हटली की हे उत्तर बदलते, आणि परीक्षक नेमके तेच विचारतात.

बाजारपेठेच्या आकाराबद्दलची चूक तर ठरलेली आहे. '२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. त्यातले एक टक्का लोक आमचे ग्राहक' असे वाक्य मसुद्यात दिसले की ते खोडावे. एक टक्का म्हणजे सव्वाअकरा लाख माणसे झाली आणि गट दिवसाला साठ पाकिटे करतो. मोजणी खालून वर करावी: आपण किती दुकानांपर्यंत पोहोचू शकतो, एक दुकान आठवड्याला किती पाकिटे उचलते, त्यातली किती दुकाने पुन्हा मागणी करतात.

तपासा: संघातल्या कोणाही एकाला उठवून वही न पाहता विचारावे, 'दुकानदाराने २५ टक्के मागितले तर?' वरच्या उदाहरणात परत येणारा माल बाजूला ठेवल्यास उत्तर ९२४ पाकिटे आहे. हे चौघांपैकी एकालाच येत असेल तर संघ अजून तयार नाही.

टप्पा ७: मांडणी आणि स्लाइड

स्लाइडना आठवा आठवडा उजाडण्यापूर्वी हात लावू नये. आधी पाच मिनिटांचे बोलणे कागदावर मराठीत लिहावे: अडचण कोणाची आहे, आज ते लोक काय करतात, आम्ही काय वेगळे करणार, पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार, आजवर काय करून पाहिले, आणि आम्हाला काय हवे आहे. 'आजवर काय करून पाहिले' या भागाला वजन असते. दहा पाकिटे खरोखर विकून पाहिलेला संघ पन्नास स्लाइडच्या संघापेक्षा उजवा ठरताना मी पाहिला आहे.

मोबाइलवर काम करणाऱ्यांसाठी काही तांत्रिक सूचना आवश्यक आहेत. एका स्लाइडवर एकच मुद्दा आणि मोठी अक्षरे असावीत. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. अंतिम फाइल नेहमी पीडीएफ स्वरूपात करावी आणि ईमेल, पेनड्राइव्ह व संघातल्या दोघांच्या फोनवर ठेवावी. सर्वांनी एकाच वेळी ऑनलाइन फाइलवर काम करावे ही अपेक्षा डेटा पॅक संपणाऱ्या मुलांकडून करू नये. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात आठवड्याला दोन तास मागून घ्यावेत.

टप्पा ८: इंग्रजी, शेवटी आणि मोजके

मजकूर पक्का झाल्यावरच तो इंग्रजीत न्यावा. उलट क्रमाने गेल्यास मुले न कळलेली वाक्ये पाठ करतात. प्रत्येक संघाने स्वतःच्या विषयातले तीस-चाळीस शब्द निवडून त्यांचा तक्ता करावा: मार्जिन म्हणजे दुकानदाराचा वाटा, ब्रेक-इव्हन म्हणजे ना नफा ना तोटा, वर्किंग कॅपिटल म्हणजे रोजचे खेळते भांडवल. वाक्ये लहान ठेवावीत. उच्चारांवर हसणाऱ्या सीनियरला त्या दिवसापुरते वर्गाबाहेर पाठवावे, मग तो कितीही जुना मित्र असो.

प्रश्न न कळल्यास काय म्हणायचे, याची दोन वाक्ये मात्र पाठ असावीत: प्रश्न पुन्हा सांगण्याची विनंती करणारे एक, आणि मराठीत उत्तर देण्याची परवानगी मागणारे एक.

केस स्टडीच्या स्पर्धेत इंग्रजी मजकूर लांबलचक असतो आणि वेळ थोडा. तिथे पहिल्या ओळीपासून वाचत जाऊ नये. आधी शेवटचे प्रश्न, मग आकड्यांचे तक्ते, आणि त्यानंतर मजकूर वाचावा. चौघांनी पाने वाटून घ्यावीत, समासात मराठीत एकेक ओळ लिहावी आणि ती एकमेकांना वाचून दाखवावी.

टप्पा ९: सरावाचे परीक्षक

सरावाच्या वेळी समोर फक्त प्राध्यापक आणि मित्र बसवू नयेत. ते सांभाळून घेतात. एक किराणा दुकानदार, निवृत्त बँक अधिकारी आणि सीएची आर्टिकलशिप करणारा माजी विद्यार्थी असे तिघे मिळाले तर सराव खरा होतो. दुकानदार हमखास विचारतो, 'माल खपला नाही तर परत घेणार का?' बँकवाले विचारतात, 'हप्ता कोणत्या महिन्यात तुंबेल?' असे निदान दोन सराव व्हावेत, त्यांच्यात आठवड्याचे अंतर असावे, आणि घड्याळ लावून वेळ संपताच बोलणे थांबवावे.

अभिप्राय लगेच सगळ्यांसमोर देऊ नये. प्रत्येक परीक्षकाने दोनच दुरुस्त्या कागदावर लिहून द्याव्यात. दहा दुरुस्त्या दिल्या की मुले घाबरून आराखडाच बदलतात, आणि शेवटच्या आठवड्यात बदललेला आराखडा कोणालाच पाठ नसतो.

टप्पा १०: स्पर्धेचा दिवस

पहिल्या गाडीने निघून वेळेवर पोहोचू, असा बेत आखू नये. अंतर तीन तासांपेक्षा जास्त असेल तर आदल्या संध्याकाळी पोहोचावे. मुलींच्या घरी मार्गदर्शक प्राध्यापकांनी स्वतः फोन करावा आणि परतण्याची वेळ, मुक्कामाचे ठिकाण व सोबत कोण आहे हे सांगावे. विद्यार्थ्यांनी नेलेल्या छापील पत्रापेक्षा या फोनचा उपयोग अधिक होतो. ओळखपत्र, प्राचार्यांचे पत्र, फाइलच्या प्रती, छापील हिशोब आणि सुटीतली मूळ वही सोबत असावी. परीक्षकांनी आकड्याचा आधार विचारला तर ती वही त्यांच्यापुढे ठेवावी.

बक्षिसाची रक्कम सहसा संघनायकाच्या खात्यात जमा होते. तिची वाटणी कशी होईल हे नोंदणीच्या दिवशीच सर्वांच्या सह्यांनी लिहून ठेवावे. सीनियरांनी त्यात वाटा घेऊ नये.

सावधान: संघाचे छायाचित्र टाकताना 'आमच्या उपक्रमाचे लाभार्थी' अशी ओळ लिहू नये. छायाचित्र टाकायचे की नाही, हे त्या संघालाच ठरवू द्यावे.

टप्पा ११: पुढच्या तुकडीकडे सोपवणे

स्पर्धा संपल्यावर आठवड्याच्या आत एक बैठक घ्यावी, कारण त्यानंतर कोणाला काही आठवत नाही. परीक्षकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून काढावा. दोन-तीन वर्षांत त्याची जी वही तयार होते तिच्या तोडीचे पुस्तक बाजारात मिळत नाही. खर्चाचा कागद प्रत्यक्ष आकड्यांसह पुन्हा भरावा, शुल्क माफ करणाऱ्या आयोजकांची नोंद ठेवावी, आणि तीन-चार ज्युनियरांना पुढच्या वर्षीचे ताई-दादा म्हणून तिथेच नेमावे. निवड करताना फक्त जिंकलेल्या संघाकडे पाहू नये. पहिल्या फेरीत बाहेर पडूनही शेवटच्या भेटीपर्यंत येत राहिलेला मुलगा बहुधा चांगला शिकवतो.

वह्या, शब्दांचे तक्ते, संगणक कक्षाच्या परवानगीची प्रत आणि शिल्लक पैशांचा हिशोब एका पेटीत घालून ती मार्गदर्शक प्राध्यापकांकडे सही घेऊन द्यावी. आमची पहिली पेटी एका सीनियरच्या खोलीवर राहिली होती. तो नोकरीला लागून गावाबाहेर गेला, घरमालकाने खोली रिकामी केली, आणि दुसऱ्या वर्षी आम्हाला सगळे तक्ते पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.